यंदा बेल कोण वाजवणार?

मागच्या हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला वेष करून घरोघरी खाऊ मागायच्या अमेरिकेतल्या सणाला, आईच्या पायांना घट्ट बिलगलेलं पोर यंदा एकटं तीन पायऱ्या चढतं, टाचा उंचावतं आणि बेल दाबतं. नेमकं त्याच वेळी मागून आपलं सुरू असतं, "बोल ना, ट्रिक ऑर ट्रीट बोल!" आणि तो क्षण हातचा जातो.

दार उघडल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. दोन वर्षांचं मूल बहुधा काहीच बोलणार नाही, नुसती खाऊची बादली पुढे करेल. तेही बोलणंच आहे. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या मुलांच्या वाढीच्या यादीत दोन वर्षांच्या वयाला आधाराने किंवा आधाराशिवाय काही पायऱ्या चढणं आहे, आणि चार वर्षांच्या वयाला खेळताना दुसरं कुणीतरी बनणं. म्हणजे "मी वाघ आहे" म्हणत घरभर गुरगुरणं हीसुद्धा वाढीचीच खूण. त्याहून लहान मुलांना मुखवट्याची भीती वाटते, कारण चेहरा झाकला तरी आतला बाबा तोच, हे त्यांना अजून पटलेलं नसतं. दोन-तीन दिवस आधीपासून मुखवटा त्यांच्यासमोरच घाला, त्यांच्यासमोरच काढा.

पोशाख एक माप मोठा घ्या, म्हणजे आत थर्मल मावतं. लांबी मात्र घोट्याच्या वर आणून शिवा, नाहीतर पायरीवर पाय अडकतो. आदल्या दिवशी वीस मिनिटं घालून बसवा, चालवा, शू करायला न्या. मानेजवळचं लेबल टोचतंय, टोपी डोळ्यांवर येतेय, हे तेव्हाच कळतं. चेहऱ्याचा रंगही एक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. एवढं करूनही मुलाने सगळं काढून टाकलं, तर साध्या कपड्यांत न्या. रडून काढलेला फोटो पुढे कुणालाच बघवत नाही.

घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ३१ ऑक्टोबरला न्यू जर्सीत सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. छोट्यांना साडेपाचला बाहेर काढा. दारातला दिवा लागलेली पाच-सहा घरं पुरेत. त्यानंतर पाय दुखतात, भूक लागते आणि चांगली संध्याकाळ रडारडीत संपते.

दर वर्षी बादली तीच ठेवा आणि फोटोही घराच्या त्याच पायरीवर काढा. पहिल्या वर्षी बादली जमिनीवर घासत येते, मग नडगीला आपटते आणि पुढे एके वर्षी गुडघ्याजवळ लोंबते. उंचीच्या तक्त्यापेक्षा हे जास्त बोलतं. व्हिडिओ दहा-पंधरा सेकंदांचाच, खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. दुसऱ्यांची मुलं आणि घराचे नंबर त्यात येऊ देऊ नका. त्याच रात्री वहीत तारीख, वय आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. "टिक टीट" म्हणालं असेल तर "टिक टीट"च. सुधारून लिहिलं की गोडवा गेला.

घरी आल्यावर जमिनीवर चादर पसरा आणि सगळा खाऊ ओता. चार वर्षांखालच्या मुलांसाठी कडक गोळ्या, च्युइंगम आणि अख्खे शेंगदाणे आधी बाजूला काढा, ते घशात अडकू शकतात. शाकाहारी घरांत गमी आणि मार्शमेलोची वेष्टणं वाचा, त्यांत बहुतेक वेळा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. मग मराठीत मोजायला बसा. एकोणतीसला बहुतेक मुलं अडखळतात. थांबा, लगेच सांगू नका. मोजता मोजता मुलाने आपल्या वाटचं एक चॉकलेट धाकट्या भावाकडे सरकवलं, तर तेही वहीत गेलं पाहिजे.

आजी-आजोबांना दारातून थेट दाखवायचा मोह होतो, पण इथे साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे तीन असतात. व्हिडिओ रात्री पाठवा आणि फोन सकाळी आठला लावा, तिकडे संध्याकाळचे साडेपाच असतात. "मजा आली का?" विचारलं तर नुसतं "हो" मिळतं. त्यापेक्षा आजीला विचारायला सांगा, "कुठल्या घरी कुत्रा होता? बेल कोणी वाजवली?" आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.