हशा ओसरल्यानंतरचे वाक्य

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिला चित्रपट प्रदर्शित होऊन महिना उलटला, रस्त्यात लोक थांबवून फोटो काढतात, दोन निर्माते तशाच विनोदी भूमिकेसाठी विचारत आहेत आणि आता नाटकाचे दौरे सोडावेत का, असे तू विचारतोस. माझे मत स्पष्ट आहे: आणखी दोन वर्षे तरी नाटक सोडू नकोस. चित्रीकरणाच्या एका दिवसाचे जे मिळते, ते नाटकाच्या एका नाइटला, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनात, मिळत नाही, हे ठाऊक असूनही मी हे सांगतो आहे.

रंगमंचावर वाक्य टाकले की हशा पिकतो, चढतो आणि ओसरू लागतो; तो पुरता विरण्याआधी पुढचे वाक्य उचलावे लागते. घाई केली तर शब्द हशात बुडतात, उशीर केला तर प्रसंग थंड पडतो. हे माप प्रत्येक प्रयोगाला बदलते आणि ते कानाला कळायला शेकडो प्रयोग जावे लागतात. चित्रीकरणाच्या वेळी मात्र कोणी हसत नाही; प्रकाशयोजनेतला एखादा मुलगा हसला तर शॉट पुन्हा घ्यावा लागतो. तेच वाक्य आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, मग तुझ्या क्लोजअपमध्ये, मग समोरच्याच्या क्लोजअपसाठी पुन्हा म्हणायचे, आणि हशाला किती जागा सोडायची हे पुढे संकलकाच्या टेबलावर ठरायचे. अशा शांततेत तुझ्याजवळ नाटकाने कानात बसवलेले मापच काय ते असते.

माझ्या उमेदीतली एक चूक तुला सांगतो. एका नाटकाच्या दुसऱ्या अंकात म्हातारी आई मुलाचे पत्र वाचत असे आणि मी शेजारी छत्री घेऊन उभा असे. एके रात्री मी संहितेत नसलेली, छत्री उघडझाप करण्याची ॲडिशन घेतली. प्रेक्षागृह दणाणले, आणि ‘तो आता यायचा नाही’ हे तिचे शेवटचे वाक्य पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेले नाही. मेकअप रूममध्ये त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. आरशासमोर बसून कपाळावरचे कुंकू त्या बराच वेळ पुसत राहिल्या. पुढच्या प्रयोगाला मी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो. ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले, नाट्यगृह स्तब्ध झाले, आणि त्यानंतरच्या माझ्या साध्या ‘चहा टाकू का?’ला पूर्वी कधी आला नव्हता असा हशा आला. तो हशा त्या बाईंनी मला मिळवून दिला होता.

१९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ तू पाठ केला असशील. आता तो आवाज बंद करून पाहा. घरमालकिणीला जोडपीच भाडेकरू हवीत, म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे बायकांच्या वेशात वावरतात, आणि डोक्यावरचे छप्पर जाईल ही भीती त्यांच्या डोळ्यांत सतत दिसते. आपण विनोदी आहोत हे त्या पात्रांना ठाऊकच नाही. अशोक सराफांकडे पाहशील तेव्हा ते स्वतः बोलत नसताना कसे ऐकतात, तेवढेच पाहा.

प्रसिद्धीबद्दलची माझी काळजी वेगळी आहे. काही दिवसांनी तू नुसता प्रवेश केलास तरी लोक हसतील. हे प्रेम खरे आहे आणि ते नम्रपणे स्वीकारावे, पण तो हशा तुझ्या मागच्या कामाचा आहे. आजचे काम अजून व्हायचे आहे. शिवाय हे प्रेम चेहऱ्याला एकाच जागी बांधूनही ठेवते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२च्या ‘एक होता विदूषक’मध्ये तमाशातल्या सोंगाड्याची कारुण्याने भरलेली भूमिका केली. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, पु. ल. देशपांड्यांचे लेखन, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही. तरीही त्यांच्या विनोदी चित्रपटांना लोटणारी गर्दी या चित्रपटाच्या वाट्याला आली नाही. मला ते त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते आणि आजही त्याची हळहळ वाटते. म्हणून तुझ्याकडे आलेल्या दोन भूमिकांपैकी, पहिल्या चित्रपटाची नक्कल असेल ती नाकार, मग मानधन कितीही असो.

विनोदी नट राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत असत आणि १९५२मध्ये ‘लाखाची गोष्ट’चे नायक झाल्यावर त्याच खिडकीतून त्याच चित्रपटाची तिकिटे त्यांनी विकली, असे आमच्या पिढीने ऐकले. त्या खिडकीतून त्यांना प्रेक्षक किती जवळून दिसला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. तुझ्या चित्रपटाला तूही एकदा तोंडाला रुमाल बांधून, अंधार झाल्यावर शेवटच्या रांगेत जाऊन बस. लोक कुठे हसतात ते तुला निर्माता सांगेलच. ते कुठे चुळबुळतात आणि कुठे मोबाइल उघडतात, तेवढे मात्र वहीत टिपून आण.

चित्रीकरणात समोरच्याचा क्लोजअप चालू असताना व्हॅनमध्ये जाऊन बसू नकोस. कॅमेऱ्याशेजारी उभा राहून त्याला तुझी वाक्ये पूर्ण जीव ओतून दे. संकलकाची परवानगी मिळाली तर एक दिवस त्याच्यामागे गप्प बसून राहा.

निर्मात्यांना तारखा कळवण्याआधी दोन्ही संहिता घेऊन ये. आपण त्या मोठ्याने वाचू. तुझी वाक्ये मी वाचीन आणि बाकीची सगळी तू.

तुझा,
काका