घराचे बांधकाम चालू असताना ठेकेदाराला पैसे कोणत्या टप्प्यांत द्यावेत?

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात स्वतःच्या प्लॉटवर तळमजल्याचे आरसीसी घर साहित्यासह ठेक्याने बांधायचे आहे, ठेकेदार काम सुरू होण्याआधी ३० टक्के आणि जोते होईपर्यंत एकूण ४५ टक्के रक्कम मागतो, आणि ‘फ्लॅटलाही असेच द्यावे लागते’ असे सांगतो, तर ते मान्य करावे का, असे आपण विचारले आहे. मान्य करू नये. मी सोलापुरात घरांच्या बांधकामावर देखरेखीचे काम करतो, आणि पैसे कामाच्या पुढे गेले की मालकाचा शब्द साइटवर चालेनासा होतो, हे मी अनेक घरांच्या बाबतीत पाहिले आहे.

ठेकेदार सांगतो ते आकडे खोटे नाहीत. महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखाली राज्यातील बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारे प्राधिकरण, त्याच्या नमुना करारात करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मुभा बिल्डरला आहे. मात्र फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा मोबदलाही धरलेला असतो, त्यामुळे तिथे सुरुवातीचे हप्ते मोठे असतात. आपली जमीन आपण आधीच विकत घेतलेली आहे. ठेकेदाराला फक्त बांधकामाचे पैसे द्यायचे आहेत, आणि जोत्यापर्यंत एकूण बांधकामाच्या ४५ टक्के खर्च साध्या तळमजल्याच्या घराला येत नाही. शिवाय स्वतःच्या प्लॉटवर एकट्या घरासाठी दिलेल्या ठेक्याला रेरा कायदा लागू होत नाही, म्हणून आपले संरक्षण आपल्याच करारनाम्यात लिहून घ्यावे लागते.

मी सुचवतो ती विभागणी अशी: करारनाम्यावर सही करताना इसार ५ टक्के, जोते पूर्ण झाल्यावर २०, कॉलम उभे राहून स्लॅब ओतल्यावर २०, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या व टेकू) काढून स्लॅबची खालची बाजू तपासल्यावर ५, वीटकामाला १५, आतल्या-बाहेरच्या गिलाव्याला १५, फरशी, नळकाम आणि वायरिंग मिळून १०, रंग व किरकोळ कामांना ५, आणि उरलेले ५ टक्के अनामत म्हणून एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत आपल्याकडे. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो. गच्चीचा उतार आणि खिडक्यांवरचे छज्जे तेव्हाच खरे तपासले जातात. आकडे एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही, पण शेवटच्या कामांसाठी पुरेशी रक्कम शिल्लक राहिलीच पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या एका घरी स्लॅब पडेपर्यंत जवळजवळ सगळे पैसे देऊन झाले होते. त्यानंतर गिलाव्याचे गवंडी दुसऱ्या साइटवर गेले आणि मालकाने तेच काम पुन्हा पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेतले.

टप्पा म्हणजे काय, हे मात्र नेमके लिहावे. ‘पाया झाला’ एवढे लिहून भागत नाही. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून खोदाई माती संपून कठीण मुरूम लागेपर्यंत न्यावी लागते, आणि ती खोली प्लॉटच्या एका कोपऱ्यात कमी तर दुसऱ्या कोपऱ्यात जास्त निघू शकते. खड्डे भरण्याआधी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून खोली वहीत लिहावी, फोटो काढावा आणि आपल्या अभियंत्याची सही घ्यावी. एकदा काँक्रीट पडले की तिथे काय होते याचा वाद मिटवण्याचा सोपा मार्ग उरत नाही. जे काम पुढे झाकले जाणार आहे, त्याची तपासणी ही हप्त्याची अट असावी.

स्लॅबचा हप्ता मी दोन भागांत सांगितला, त्याचेही कारण आहे. ओतण्याच्या आदल्या दिवशी सळयांचे अंतर, बीममधील रिंगा आणि सळईखालचे कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) पाहून घ्यावेत. ब्लॉक नसतील तर मजुरांच्या पायाखाली जाळी दबून थेट फळ्यांना टेकते आणि पुढे तिथेच गंज धरतो. काँक्रीट पडल्यावर खरी परीक्षा पाण्याची असते. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस सतत ओले ठेवायला हवे, आणि फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि टँकर कोणी मागवायचा यावरून मालक व ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवत असताना स्लॅब वाळत राहतो. टँकरचा खर्च कोणाचा, हे करारनाम्यात आधीच लिहा. नंतरचे ५ टक्के सेंट्रिंग निघेपर्यंत थांबले असतील तर वाफे करून पाणी साठवण्याकडे ठेकेदाराचेही लक्ष राहते.

आपण गृहकर्ज घेणार असाल तर बँकेचे टप्पे आणि करारनाम्यातील टप्पे जुळवून घ्या. बँकेकडून पाहणी झाल्यावरच रक्कम सुटते, आणि त्या मधल्या दिवसांसाठी हाताशी स्वतःचे पैसे लागतात. ठेकेदाराला मजुरांचा आठवड्याचा पगार चुकवावा लागतो, हे आपणही विसरू नये. टप्पा तपासून झाला की दोन-तीन दिवसांत पैसे द्यावेत. विनाकारण अडवून ठेवल्यास त्याची माणसे दुसरीकडे जातात, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

रक्कम चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि प्रत्येक पावतीवर टप्प्याचे नाव लिहावे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडतो. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ धरली आहे. जादा कामाचा दर मात्र काम करण्याआधी लिहून घ्यावा.

इसारापेक्षा जास्त पैशांशिवाय सिमेंट-सळई उचलता येत नाही, असे ठेकेदार म्हणाला तर ती अडचण खरी असू शकते. अशा वेळी साहित्याचे पैसे आपण दुकानदाराला थेट द्यावेत, बिल आपल्या नावाचे घ्यावे, माल साइटवर उतरताना पोती व सळयांचे वजन मोजून घ्यावे, आणि ती रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती होईल असे करारनाम्यात नमूद करावे.