नागपुरात २ किलो व्हे प्रोटीन ३२०० रुपयांना मिळतंय, घ्यावं का? माल चांगला आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सीताबर्डीतल्या एका दुकानात २ किलोचा डबा ३२०० ला देताहेत, त्याच ब्रँडचा तोच डबा ऑनलाइन ५८०० ला आहे, आणि जिमचा ट्रेनर म्हणतो कॉन्सन्ट्रेट (साधी व्हे पावडर) घेऊच नको, ७५०० चं २ किलो आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) घे. मी बुटीबोरीकडे खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. बायसेप्सबद्दल मला विचारू नका, पावडरीबद्दल सांगतो.

आधी हिशोब. डब्याची किंमत सोडा, एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढा. तुम्ही टाकलेल्या फोटोत ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय, म्हणजे २ किलोत साधारण १४५५ ग्रॅम. ५८०० ला घेतलं तर ग्रॅममागे ४ रुपये, ३२०० ला घेतलं तर २ रुपये २० पैसे. ट्रेनरच्या आयसोलेटमध्ये ३० ग्रॅमला २५ ग्रॅम आहे, ते साडेचार रुपयांना पडतं. म्हणजे डब्यांच्या किमतीत १७०० चा फरक दिसतो, पण ग्रॅममागे फरक फक्त पन्नास पैशांचा. हाच हिशोब ‘मास गेनर’ला, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीला, लावून बघा. ३ किलोचं पोतं ३००० ला स्वस्त वाटतं, पण १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १५ ग्रॅमच असेल तर ग्रॅम पावणेसात रुपयांना पडला. बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचा चुलतभाऊ. स्कूपचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून लेबलवरचा ‘प्रति १०० ग्रॅम’ हा रकानाच वाचा.

आता तो २४ चा आकडा खरा आहे का, हा मोठा प्रश्न. त्यासाठी प्रयोगशाळेत प्रोटीन कसं मोजतात ते थोडं सांगावं लागेल. खरं तर आम्ही प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजतो. ग्रॅमभर पावडर काचेच्या लांब नळीत घालून तीव्र सल्फ्युरिक आम्लात चारशे अंशांच्या आसपास तापवायची. आधी ती काळीकुट्ट होऊन फेसाळते, मग हळूहळू नितळ होते. मग कॉस्टिक सोडा घालून त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उडवायचा, बोरिक आम्लात धरायचा आणि थेंबथेंब आम्ल सोडत हिरवा रंग गुलाबी होईपर्यंत मोजायचं. जो नायट्रोजन येईल त्याला ६.३८ ने गुणायचं, कारण दुधाच्या प्रोटीनसाठी तोच गुणक आहे. ही केल्डाल पद्धत १८८३ पासून चालत आली आहे आणि आजही रोज वापरतात.

गोम इथेच आहे. नायट्रोजन कुठून आला हे या पद्धतीला कळत नाही. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं ग्लायसिन नावाचं स्वस्त आम्ल सुटंच पावडरीत टाकलं तर त्याचा १ ग्रॅम यंत्राला जवळपास १.२ ग्रॅम प्रोटीन दिसतो. क्रिएटिनचा १ ग्रॅम तर १.८ ग्रॅम दिसतो. यालाच अमिनो स्पायकिंग म्हणतात. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन घातलं होतं, त्यामागे हाच हिशोब होता. तिथे सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. ग्लायसिन तसं विषारी नाही, पण पैसे तुम्ही व्हेचे देता.

हे घरबसल्या बरंचसं पकडता येतं. डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता असेल तर ल्युसिन शोधा. व्हेच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन साधारण दहा-अकरा टक्के असतं, म्हणजे २४ ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन प्रत्येकी त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. ग्लायसिन अर्ध्या ग्रॅमच्या आत हवं. ग्लायसिन दीड-दोन ग्रॅम दिसलं की डबा खाली ठेवा. मग घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लावावी लागते. त्यात ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन किंवा नुसतं ‘एल-ल्युसिन’ वेगळं लिहिलेलं असेल, तर प्रोटीनच्या आकड्यात त्यांचा वाटा किती हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तक्ताच नाही आणि नुसतं ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (प्रमाण न सांगितलेलं मिश्रण) लिहिलंय, असा माल मी स्वतः घेणार नाही.

दुसरी खूण गणिताची. कॉन्सन्ट्रेट ८० म्हणजे कोरड्या वजनावर ८० टक्के. थोडी ओल धरली, वर कोको, फ्लेवर, गोडवा, लेसिथिन घातलं की चॉकलेटवालं कॉन्सन्ट्रेट सत्तर-पंचाहत्तरच्या घरात येतं. तुमचं ३३ ला २४, म्हणजे ७३ टक्के आहे, म्हणजे निदान दावा तरी माणसात आहे. कॉन्सन्ट्रेट म्हणवणारा चॉकलेटचा डबा ३० ग्रॅमला २७ ग्रॅम सांगत असेल तर तो आकडा बसतच नाही.

रीलवरच्या चाचण्यांवर फार जाऊ नका. आयोडीनने स्टार्च असेल तर निळं-काळं होतं, ते ठीक. पण भेसळ माल्टोडेक्स्ट्रिन किंवा दूध पावडरीची असली तर आयोडीन बहुधा गप्प बसतं. पाण्यात पटकन विरघळतं ते लेसिथिनमुळे, त्यावरून प्रोटीन कळत नाही. आणि ‘गरम पाण्यात गुठळ्या झाल्या म्हणजे नकली’ हे तर उलटंच आहे. सत्तर अंशांच्या वर व्हे साकळतंच, अस्सलसुद्धा. डबा अर्धा रिकामा दिसला म्हणूनही भांडू नका, पावडर प्रवासात खाली बसते. काट्यावर वजन करा.

२०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या एका गटाने भारतात विकले जाणारे ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून ‘मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. जवळपास ७० टक्क्यांमध्ये प्रोटीनचा आकडा लेबलशी जुळत नव्हता, काहींत तर निम्माच निघाला. तेव्हा महागडा डबाही आपोआप चोख ठरत नाही.

आता तुमचा ३२०० चा डबा. दुकानदार म्हणेल, “भैया, एकदम ओरिजिनल है, डायरेक्ट इंपोर्ट.” असू द्या. डबा उलटा करून आयातदाराचं नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक छापलाय का पाहा, आणि तो क्रमांक फॉस्कॉस या परवान्यांच्या सरकारी साइटवर टाकून नाव जुळतं का बघा. कंपनीचा स्क्रॅच कोड तपासताना डब्यावरचा क्यूआर स्कॅन करू नका, नकली क्यूआर नकली साइटवरच नेतो. कंपनीचा पत्ता हाताने टाइप करा. झाकणाखालचं फॉइल नीट चिकटलेलं हवं. रिकामे डबे भरून पुन्हा विकता येतात, म्हणून मी तरी भंगारवाल्याला देण्याआधी डबा कापतो. पाच-दहा टक्के सूट समजू शकते, पण त्याच डब्याला ४५ टक्के सूट कुठल्या नफ्यातून देतो हे त्याला विचारा आणि पक्कं बिल मागा, बॅच नंबरसकट. बिल म्हटल्यावर तोंड वाकडं केलं तर तुमचं उत्तर मिळालं.

उत्पादनाची तारीखही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. बराच काळ तापलेल्या पावडरीत लॅक्टोज (दुधातली साखर) आणि लायसिन हे अमिनो आम्ल एकमेकांना धरतात, रंग पिवळट होतो, लायसिन कमी होतं.

आयसोलेटचं म्हणाल तर दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर घ्या, त्यात लॅक्टोज फार कमी असतं. दूध पचतं तर कॉन्सन्ट्रेट पुरे. ट्रेनरला कशावर किती कमिशन मिळतं हे सहज विचारून बघायला हरकत नाही.

तुमचं वजन ७० किलो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५८ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांसाठी १.४ ते २ ग्रॅम सांगतात, म्हणजे तुम्हाला शंभर ते एकशे चाळीस. यातलं जेवणातून किती जातं ते आधी मोजा. सात रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे ग्रॅम सव्वा रुपयाच्या आत. सोयावडीत १०० ग्रॅमला ५० च्या वर, आणि सोयाबीन तर विदर्भाचंच पीक, ग्रॅम तीस पैशांच्या आसपास. (तर्री-पोह्यातले चणे मात्र धरू नका. तर्रीत ते मोजून दहा-बारा असतात.) बाकीची तूट एखाद्या स्कूपने भरेल. किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकदम २ किलो घेऊ नका. किलोचा डबा किंवा सुटी पाकिटं घ्या, अमूलचं व्हे पाकिटांत मिळतं. आणि दुकानातलाच डबा घ्यायचा असेल नि शंका असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही फी भरून नमुना फूड अ‍ॅनालिस्टकडे (सरकारने नेमलेल्या तपासनिसाकडे) तपासायला देऊ शकतो, फक्त तसं घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. तेव्हा तेच बिल आणि बॅच नंबर लागेल. तपासणीला देताना नुसता नायट्रोजन नको, अमिनो आम्लांचं प्रोफाइल करा असं लिहून द्या, नाहीतर ग्लायसिन भरलेली पावडरही पास होऊन येईल.