उपग्रहातून डोंगर-नद्या टिपायच्या तर

अरे, जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या वाटेला जाऊ नकोस, नुसता ढगांचा कापूस हाती लागतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. डिसेंबर-जानेवारीतलं घे. सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, कडे उठून दिसतात. पण सावली उत्तरेला, म्हणजे चित्रात वरच्या बाजूला, पडल्यामुळे डोळा फसतो आणि दरी डोंगरासारखी फुगलेली दिसते. माळशेजजवळची एक दरी मी चक्क डोंगराची सोंड समजून बसलो होतो! चित्र उलटं फिरवून बघ, लगेच जागेवर येतं.

नदी म्हणशील तर ब्रह्मपुत्राच घे. तिचे फाटे सतत जागा बदलतात. दोन हिवाळ्यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेव. निअर-इन्फ्रारेड बँड (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या प्रकाशात टिपलेलं चित्र) लावलास की पाणी काळंकुट्ट होतं, वाळूची बेटं पांढुरकी वर येतात.