नेल्सनला कप्तानपद मामाच्या वशिल्याने मिळाले काय?

प्रश्न : ब्रिटिश आरमाराचा सेनानी होरेशियो नेल्सन विसाव्या वर्षीच कप्तान झाला आणि त्याचा मामा आरमारात बड्या हुद्द्यावर होता, असे वाचले. मग त्याची सुरुवातीची बढती निव्वळ वशिल्याची समजायची काय? तरुणपणी तो मुंबईच्या बाजूला आला होता, हे खरे आहे काय?

उत्तर : वशिला होता, हे नाकारता येणार नाही. नेल्सनचा जन्म २९ सप्टेंबर १७५८ रोजी नॉरफोकमधील बर्नहॅम थॉर्प या खेड्यात झाला. वडील तिथले पाद्री होते, आणि होरेशियो नऊ वर्षांचा असताना आई वारली. त्या काळी आपल्या जहाजावर कोणती मुले घ्यायची हे कप्तान स्वतः ठरवीत असे. 'रेझनेबल'चा कप्तान असलेल्या मॉरिस सकलिंग या मामाने १७७१च्या आरंभी बारा वर्षांच्या भाच्याचे नाव जहाजाच्या पटावर चढवले.

मात्र या मामाने भाच्याला नुसते सांभाळले नाही, तर कामाला जुंपले, आणि माझ्या मते त्याचे खरे उपकार हेच. सकलिंगची बदली थेम्सच्या मुखाशी पहाऱ्यावर असलेल्या 'ट्रायम्फ'वर झाली, तेव्हा नांगरून पडलेल्या जहाजावर मुलगा काय शिकणार, हे ओळखून त्याने त्याला एका व्यापारी जहाजावर वेस्ट इंडीजला धाडले. वर्षभराने परतल्यावर नेल्सनकडे जहाजाची मोठी होडी सोपवण्यात आली. ती चॅथमहून लंडनच्या टॉवरपर्यंत न्यायची, तर भरतीत झाकले जाणारे आणि ओहोटीत उघडे पडणारे वाळूचे दांडे ओळखून वाट काढावी लागे. खडक आणि वाळूतून जहाज नेण्याचा आत्मविश्वास आपल्याला इथेच आला, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. १७७३मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेतही तो 'कारकस' जहाजावर होता.

मुंबईबद्दल आपण वाचले ते खरे आहे. १७७३च्या अखेरीस तो 'सीहॉर्स'वरून हिंदुस्थानकडे निघाला. १७७५च्या आरंभी हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा घेऊन मुंबईला येत असताना १९ फेब्रुवारीला हैदर अलीच्या दोन गलबतांशी त्याची चकमक झाली. नेल्सनने पाहिलेली ही पहिली लढाई. पुढच्या वर्षी मात्र मलेरियाने तो इतका खंगला की त्याला 'डॉल्फिन' जहाजातून मायदेशी पाठवावे लागले.

तोवर मामा आरमाराच्या प्रशासनात कंट्रोलर या मोठ्या पदावर पोहोचला होता, आणि वशिला उघड दिसतो तो इथे. लेफ्टनंटच्या परीक्षेला वयाची अट वीस वर्षांची होती. ९ एप्रिल १७७७ रोजी नेल्सन अठरा वर्षांचा होता, तरी दाखल्यावर वीस पूर्ण झाल्याची नोंद झाली. अशी सूट तेव्हा इतरांनाही मिळत असे, पण नियम वाकवला गेला हे खरेच.

लगेच तो विल्यम लॉकरच्या 'लोस्टॉफ'वर लेफ्टनंट झाला. एकदा या जहाजाने एक अमेरिकन जहाज पकडले, तेव्हा समुद्र इतका खवळलेला होता की ताबा घ्यायला गेलेला पहिला लेफ्टनंट होडीतून त्यावर चढू न शकता माघारी आला. नेल्सन पुढे झाला आणि चढला.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढच्या दोन तारखांत आहे. सकलिंग जुलै १७७८मध्ये वारला. नेल्सनला 'बॅजर'चे नेतृत्व मिळाले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि 'हिंचिनब्रुक'चे कप्तानपद ११ जून १७७९ रोजी. या दोन्ही नेमणुका जमैकातील अ‍ॅडमिरल सर पीटर पार्करने केल्या, ज्याला आता मृत मामाकडून काहीच मिळण्यासारखे नव्हते. पार्करची मर्जी होती, हे उघड आहे. पण ती नेल्सनने जहाजावरच्या कामाने मिळवली होती. कप्तानपदाचे मोलही नीट समजून घ्यावे : एकदा पूर्ण कप्तान झाल्यावर अ‍ॅडमिरलपदापर्यंतची बढती ज्येष्ठतेनुसार होई, त्यामुळे विसाव्या वर्षी यादीत लागलेल्या नावाचा फायदा जन्मभर पुरे.

तरीही काम मिळेलच याची हमी त्या यादीने दिली नाही. 'बोरियस' या जहाजावरून परतल्यावर, १७८८पासून, आरमाराकडे वारंवार अर्ज करूनही त्याला अर्ध्या पगारावर नॉरफोकमध्ये जवळपास पाच वर्षे बसून राहावे लागले. जानेवारी १७९३मध्ये, फ्रान्सशी युद्ध तोंडावर आल्यावर, त्याला ६४ तोफांचे 'अ‍ॅगामेम्नॉन' मिळाले.