उसना इतिहास

प्रश्न : काल्पनिक जग रचताना खरा इतिहास आणि खरे धर्म नुसती नावे बदलून वापरणे ही उसनवारीच नव्हे का?

उत्तर : उसनवारी आहेच, पण घेतलेल्या ऐवजाचे लेखक काय करतो, यावर सारे अवलंबून असते. कॅनेडियन लेखक गाय गॅव्ह्रिएल के यांच्या ‘द लायन्स ऑफ अल-रासान’ (१९९५) या कादंबरीत मध्ययुगीन स्पेन सहज ओळखू येतो : मुस्लिमांच्या जागी ताऱ्यांना मानणारे, ख्रिश्चनांच्या जागी सूर्याला, ज्यूंच्या जागी दोन चंद्रांना, आणि १०९४ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकणाऱ्या एल सिद या स्पॅनिश योद्ध्याची एका नायकावर पडलेली गडद छाया. धर्मशास्त्रातले वाद बाजूला पडल्यामुळे जिवलगांची ताटातूटच ठळक होते, आणि ती मनाला चटका लावते. मात्र ज्यूंनी शतकानुशतके जपलेल्या ग्रंथांची आणि भाष्यांची जागा आकाशातले चंद्र घेऊ शकत नाहीत, ही उणीव मला खरोखर जाणवली.