सर्व्हर सपोर्ट म्हणजे नुसते फोन उचलणे?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. पणजीत पाटोवरची एक कंपनी तिला 'अॅप्लिकेशन सर्व्हर सपोर्ट'मध्ये, म्हणजे अॅप्लिकेशन्स ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते सांभाळायच्या कामात, घेतेय. "शेजारचा मुलगा डेव्हलपर झाला, आणि हिनं फोन उचलत बसायचं का?"

नमस्कार. फोन वाजणार, रात्रीही वाजणार. पण पलीकडचा माणूस काय सांगतो ते महत्त्वाचं. "पैसे भरताना स्क्रीन नुसती फिरत राहते." रायबंदर-चोडणची फेरीबोट आठवा. बोटी मोजक्याच, एखादी पलीकडे जाऊन परतलीच नाही, तर धक्क्यावर गाड्या तुंबतात. डेटाबेसच्या कनेक्शन पूलचं, म्हणजे डेटाबेसशी बोलायला उघडून ठेवलेल्या मोजक्या जोडण्यांचं, तसंच. 'हिकारी' नावाच्या पूलमध्ये सेटिंग बदललं नाही तर जास्तीत जास्त १० कनेक्शनं. सगळी अडकली की नवी विनंती ३० सेकंद ताटकळते आणि एरर येतो. नवखा माणूस आकडा वाढवून मोकळा होतो. पाच सर्व्हरवर २५-२५ केले की झाले १२५. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगला १०० च घेतो! खरा दोष असतो कनेक्शन परत न करणाऱ्या कोडमध्ये, आणि तो शोधणारी तुमची मुलगी असेल.

जेएमएसचं, म्हणजे निरोपांच्या रांगांचं, काम याहून किचकट. ऑर्डर डेटाबेसात नोंदली, पण निरोप रांगेत पडलाच नाही. किंवा पडला, घेणारा प्रोग्राम दर वेळी कोसळला आणि निरोप शेवटी 'डेड लेटर'च्या, म्हणजे हाताळता न आलेल्या निरोपांच्या, रांगेत गेला. डेटाबेसातली नोंद आणि रांगेतला निरोप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही, असं कसं बांधायचं, हे विचारल्यावर चांगले डेव्हलपरही चाचरतात.

हे तंत्र जुनं, हे खरं. पण २०१७ मध्ये ओरॅकलनं जावा ईई, म्हणजे अशा सर्व्हरसाठीची जावाची मानकं, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पुढे कोडमधल्या 'जावाएक्स' या नावाचं 'जकार्ता' झालं, आणि त्यामुळे जुनी अॅप्लिकेशन्स नव्या सर्व्हरवर नेण्याचं काम निघालं.

माझी धास्ती वेगळी आहे. काही ठिकाणी सपोर्ट म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करणं, बस्स. मुलाखतीत तिनं विचारावं: थ्रेड डंप, म्हणजे सर्व्हरमधलं कुठलं काम कुठे अडकलंय याची नोंद, कोण वाचतं? "दुसरी टीम" असं उत्तर आलं तर तिथं वर्षापेक्षा जास्त राहू नये. रात्री डिचोलीपर्यंत गाडी सोडते का, चतुर्थीला ड्युटी कशी लावतात, हेही आधीच विचारून घ्या. नंतर घरात वाद नकोत.

तोवर घरच्या लॅपटॉपवर वाइल्डफ्लाय हा अॅप्लिकेशन सर्व्हर आणि पोस्टग्रेस टाकू दे, दोन्ही फुकट आहेत. पूल दोनचा ठेवून कनेक्शन बंद न करणारा प्रोग्राम मुद्दाम लिहायचा, आणि तिसऱ्या विनंतीचं काय होतं ते लॉगमध्ये बघायचं.